दांड्या पूर्ण, तरी पेमेंट अडकलं: पहाटेच्या एपीएमसीतला मोबाईल डेटा

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलतानाची काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी सरळ केली आहेत.)

आजचा भाग एका प्रश्नावर आहे. हा प्रश्न माझ्या बाबांनी मला विचारला होता. मी बीटेक, सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करतोय, आणि त्या पहाटे मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. माझे बाबा वाशीच्या एपीएमसीत, भाजीपाला मार्केटमधल्या एका गाळ्यावर मेहताजी आहेत. मेहताजी म्हणजे गाळ्याचा हिशोब बघणारा माणूस. कोणाचा माल आला, कोणी किती उचलला, रोख किती, उधारी किती, शेतकऱ्याची पट्टी किती निघाली, सगळं त्यांच्या वहीत. मार्केट रात्रीच जागं होतं. गाड्या खाली होतात, माथाडी माल उतरवतात आणि पहाटे तीन-चारपासून मुंबईभरचे किरकोळ भाजीवाले येऊन धडकतात. तुम्ही सकाळी आठला दारात जी मेथीची जुडी घेता, तिचा सौदा तुम्ही झोपेत असताना झालेला असतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचं रिलीज होतं, मी रात्रभर जागाच होतो, म्हणून बाबांना बाईकवरून सोडायला गेलो आणि तिथेच थांबलो. चारच्या सुमारास एक भाजीवाले काका आले. चेंबूरकडे गाडी लावतात, बाबांची त्यांची वीसेक वर्षांची ओळख. टोमॅटोचे क्रेट, फ्लॉवर, मिरचीच्या दोन गोण्या. बिल झालं ८,४०० रुपये. त्यांनी क्यूआर स्कॅन केला. चक्र फिरायला लागलं. 'पुन्हा प्रयत्न करा.' परत स्कॅन, परत तेच. तिसऱ्या वेळी पिन टाकला आणि चक्र फिरतच राहिलं. तेवढ्यात त्यांना बँकेचा एसएमएस आला, ८,४०० कट झाले म्हणून. पण ॲपवर 'प्रोसेसिंग' आणि गाळ्यावरचा साऊंडबॉक्स गप्प.

काका म्हणाले, "मेहताजी, मेसेज बघा ना, पैसे गेलेत." बाबा म्हणाले, "भाऊ, गेले असतील, पण इथे आले नाहीत ना." शेठ गाळ्यावर नव्हते. खात्याचं ॲप शेठच्या फोनवर, आणि शेठ फोन उचलत नव्हते. बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारतोय, कारण त्याच टेम्पोत आणखी चार जणांचा माल भरलेला. पैसे आलेच नाहीत तर ते बाबांच्या पगारातून जाणार. शेवटी काकांनी खिशातले होते नव्हते तेवढे रोख बाबांच्या हातात ठेवले, मिरचीच्या दोन्ही गोण्या टेम्पोतून उतरवून गाळ्यावर ठेवल्या आणि एक शब्द न बोलता निघून गेले.

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. बाबांचा प्रश्न मात्र आत्ता ऐका. ते म्हणाले, "अरे, तू इंजिनियर ना? दोघांच्या फोनवर दांड्या पूर्ण. वर ५जी लिहिलेलं. मग अडलं कुठे?"

चला, उत्तर शोधू.

आधी सोपी शंका दूर करू. रोजचा डेटा संपला असेल का? बहुतेक प्लॅनमध्ये रोजचा कोटा संपला की स्पीड साधारण ६४ केबीपीएसवर येतो. पण कोटा रात्री बाराला पुन्हा सुरू होतो. पहाटे चारला तो ताजाच असतो. म्हणजे हे कारण नाही.

मग स्पीड कमी होता का? इथे एक गंमत आहे. आपल्याकडे ब्रॉडबँड कशाला म्हणायचं याची सरकारी व्याख्या आहे. २०१३ साली ती किमान ५१२ केबीपीएस होती, जानेवारी २०२३ मध्ये ती २ एमबीपीएस झाली. आता यूपीआयच्या एका व्यवहाराला लागतो किती डेटा? निरोप म्हणून बघाल तर काही केबी. गुड मॉर्निंगचा एक फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा. म्हणजे आपण जाहिरातीत जे शेकडो एमबीपीएस बघतो, त्यातला कणभर स्पीडही या कामाला पुरला असता. तोही त्या क्षणी मिळाला नाही.

(जाता जाता: एमबीपीएसमधला 'बी' म्हणजे बिट. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून ४० एमबीपीएसवर ४० एमबीची फाईल एका सेकंदात येत नाही, आठ सेकंद लागतात. अर्धी भांडणं इथेच मिटतात!)

आता दांड्यांकडे येऊ. फोनवरच्या दांड्या काय सांगतात? टॉवरचा आवाज तुम्हाला किती मोठ्याने ऐकू येतोय, एवढंच. तुमचा नंबर कधी लागणार, हे त्या सांगत नाहीत.

मी बाबांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. समजा गाळ्यावर एकच वजनकाटा आहे. काटा चांगला आहे, लांबूनही स्वच्छ दिसतो. पण समोर दोनशे गोण्यांची रांग असेल तर काटा दिसून उपयोग काय? टॉवरचं तसंच आहे. टॉवरचे भाग पाडलेले असतात, त्यांना सेक्टर म्हणतात. एका सेक्टरचा स्पीड तिथल्या सगळ्या फोनमध्ये वाटला जातो. ४जीचं साधं उदाहरण घ्या. २० मेगाहर्ट्झचा पट्टा आणि दोन अँटेनांची जोडी असेल, तर कागदावरचा कमाल डाउनलोड स्पीड १५० एमबीपीएस. हा एका फोनचा हक्क नाही, अख्ख्या सेक्टरचा पट्टा तेवढाच. प्रत्यक्षात तो आणखी कमी भरतो. समजा १०० एमबीपीएस हातात आले आणि एकाच वेळी दोनशे फोन काहीतरी मागतायत, तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा एमबीपीएस. त्यात कोणी रील बघत असेल, कोणाचा फोन गुपचूप अपडेट उतरवत असेल, तर वाटणी आणखी विस्कटते.

आता एपीएमसी डोळ्यासमोर आणा. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळ, मसाला आणि दाणा अशी पाच मार्केटं शेजारी शेजारी. भाजी मार्केटला गर्दी पहाटे, तीसुद्धा दोन-तीन तासांत कोंबलेली. व्यापारी, मेहताजी, माथाडी, ड्रायव्हर, भाजीवाले, प्रत्येकाच्या खिशात एक फोन, काहींच्या दोन. आणि सगळ्यांना पैसे द्यायचे-घ्यायचे असतात ते त्याच तासात. दुपारी दोनला त्याच गाळ्यासमोर उभं राहिलात तर नेट मस्त चालतं. मी चालवून बघितलंय. दांड्या तेवढ्याच, जागा तीच, फक्त माणसं नाहीत.

दुसरी गोष्ट इमारतीची. भाजी आणि फळांचा घाऊक बाजार मुंबईतून इकडे आला १९९६ साली. देशातला पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला. म्हणजे ही मार्केटं बांधली गेली तेव्हा छताखाली नेटवर्क पोचेल का, हा प्रश्नच कोणाला पडला नसणार. जाड स्लॅब, आत खोलवर गाळे, दारात उभे ट्रक. काँक्रीट आणि पत्रा दोन्ही सिग्नल खातात. आणि ५जीच्या ज्या पट्ट्यात मोठा स्पीड मिळतो, ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा, तो भिंतीतून आत शिरायला ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यापेक्षा कच्चा असतो. म्हणून गाळ्याच्या तोंडाशी ५जी दिसतं आणि मेहताजींच्या गादीपाशी ते येत-जात राहतं.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल आपण जवळजवळ बोलतच नाही. अपलोड. स्पीड म्हटलं की आपण डाउनलोडचा आकडा सांगतो. पण पैसे पाठवताना पहिला निरोप तुमच्या फोनकडून टॉवरकडे जातो. टॉवर दहा-दहा वॅटनी ओरडू शकतो. तुमचा फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटने, कारण बॅटरी छोटी आणि फोन कानाला लावायचा असतो. म्हणजे टॉवरचं बोलणं तुम्हाला खणखणीत ऐकू येतं, म्हणून दांड्या पूर्ण! पण तुमचं बोलणं त्या स्लॅबमधून, ट्रकमधून, शेकडो फोनच्या गलक्यातून टॉवरला ऐकू गेलं पाहिजे ना? शिवाय ५जीच्या या पट्ट्यात जाणं आणि येणं एकाच रस्त्यावर वेळ वाटून चालतं, आणि वेळेचा मोठा हिस्सा डाउनलोडला दिलेला असतो. कारण बहुतेक लोक बघतात जास्त, पाठवतात कमी.

मार्केटमध्ये याच्या उलट आहे. तिथे पाठवणं हेच काम. व्यापारी मालाचा फोटो काढून शेतकऱ्याला पाठवतो, की बघ, तुझा फ्लॉवर असा निघाला, म्हणून भाव असा लागला. आंब्याच्या मोसमात फळ मार्केटमधून देवगड-रत्नागिरीला व्हिडिओ कॉल चालू असतात, पेटी उघडून दाखवतात. तो फोटो वेळेत गेला तर भावाचं कारण शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसतं. नाही गेला तर फक्त आकडा कळतो, आणि मग "मला फसवलं" असं वाटायला कितीसा वेळ लागतो?

आता चौथी गोष्ट. 'नेट स्लो आहे' म्हटलं की आपण थेट मोबाईल कंपनीला शिव्या देतो. पण यूपीआयचा निरोप बराच प्रवास करतो. तुमच्या फोनवरून ॲपच्या सर्व्हरला, तिथून एनपीसीआयच्या स्विचला, तिथून तुमच्या बँकेला. बँक पैसे कापते, उत्तर परत स्विचला. मग समोरच्याची बँक, तिथे जमा, परत स्विच, आणि मग दोन्हीकडे बातमी. यातला मोबाईल नेटवर्कचा तुकडा फक्त पहिला आणि शेवटचा. मधलं कुठेही अडलं तरी तुम्हाला दिसतं तेच, गोल फिरणारं चक्र. एनपीसीआयने १६ जून २०२५ पासून पेमेंटच्या उत्तरासाठीची वेळमर्यादा ३० सेकंदांवरून १५ सेकंदांवर आणली. म्हणजे यंत्रणेच्या आत घड्याळ आणखी कडक झालंय. पण तुमच्या फोनपासून टॉवरपर्यंतचा तो रस्ता या घड्याळात नाही.

मग स्पीड टेस्ट का छान येते? कारण टेस्ट वेगळंच काम करते. ती बहुतेक वेळा जवळचा सर्व्हर निवडते, एकदम अनेक कनेक्शन उघडते आणि काही सेकंद जमेल तेवढं ओढते. पेमेंटला मात्र छोटे छोटे निरोप लागतात. नमस्कार, ओळख, कुलूप-किल्ली, मग खरा मजकूर. प्रत्येक फेरीला जाऊन-येऊन वेळ. तो जाण्या-येण्याचा वेळ म्हणजे लेटन्सी. रांग मोठी असली की प्रत्येक फेरी रांगेत उभी राहते, आणि एखादा निरोप वाटेत हरवला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून डाउनलोडचा आकडा बरा असूनही पेमेंट लटकू शकतं.

आता त्या पहाटेचं कोडं सुटायला लागतं. एसएमएस का आला? कारण एसएमएस सहसा डेटाच्या रांगेत उभा राहत नाही, तो नेटवर्कच्या वेगळ्या वाटेने येतो. आणि साऊंडबॉक्स का गप्प होता? कारण त्याच्या पोटातही एक सिम असतं, आणि ते त्याच रांगेत उभं होतं!

सव्वासहाला गर्दी ओसरली आणि साऊंडबॉक्स अचानक बोलला. "आठ हजार चारशे रुपये प्राप्त झाले." मी आणि बाबा एकमेकांकडे बघत राहिलो. शेठ आल्यावर खातं उघडलं. जमा झाल्याची वेळ चार वाजून काही मिनिटांची. म्हणजे काका गाळ्यावर उभे होते, टेम्पोवाला हॉर्न मारत होता, तेव्हाच पैसे आलेले होते. अडकली होती ती फक्त बातमी.

त्या दिवशी काकांच्या गाडीवर मिरची नव्हती. दुसऱ्या दिवशी बाबांनी रोख परत दिली आणि गोण्यांच्या बदली ताजी मिरची दिली. काका म्हणाले, "असू द्या मेहताजी, होतं असं." पण बाबा दोन दिवस घरी नीट जेवले नाहीत. वीस वर्षांच्या माणसाला आपण खोटं पाडलं, हे त्यांना लागलं होतं.

म्हणून मला वाटतं, 'सरासरी स्पीड किती' हा आपला प्रश्नच अपुरा आहे. मुंबईच्या दूरसंचार सर्कलमध्ये मुंबईबरोबर नवी मुंबई आणि कल्याणचा भागही येतो. एवढ्या मोठ्या सर्कलची सरासरी काढली की त्यात एपीएमसीची पहाट विरघळून जाते. रात्री तीनला रिकाम्या सोसायटीत मिळालेला स्पीड आणि पहाटे चारला भाजी मार्केटमध्ये न मिळालेला स्पीड, दोन्ही एकाच आकड्यात. सरासरी पाणी घोटाभर असलेल्या नदीतही माणूस बुडतो.

ग्राहक म्हणून आपली अपेक्षा काय असावी? रिचार्ज करताना आपल्याला दोन आकडे ठळक सांगतात, रोज किती जीबी आणि किती दिवस. गर्दीच्या वेळी किमान किती मिळेल, अपलोड किती मिळेल, हे कुठे ठळक लिहिलेलं नसतं. आपणही विचारत नाही. ट्रायने ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या गुणवत्तेचे नवे नियम काढले, ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यात कंपन्यांनी २जी, ३जी, ४जी, ५जीचे कव्हरेज नकाशे आपल्या वेबसाइटवर टाकायचे आहेत. जिल्हाभर सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर पोस्टपेडला भाड्यात सूट आणि प्रीपेडला वाढीव मुदत, हेही आहे. चांगली गोष्ट आहे. पण गाळ्यावरची गर्दीतली दहा मिनिटं यातल्या कशातच बसत नाहीत. नकाशावर तिथे रंग भरलेला असेल, आणि तो खोटाही नसेल. दांड्या होत्याच की!

मग आपण काय करायचं? माझ्यापुरतं जे उपयोगी पडलं ते सांगतो.

एक. चक्र फिरत असताना लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. आधी हिस्ट्री बघा, बँकेचा एसएमएस बघा. पैसे कट होऊन समोरच्याकडे जमाच झाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे ते आपोआप परत यायला हवेत. माणसाला पाठवले असतील तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानदाराला दिले असतील तर पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई.

दोन. ५जी येत-जात असेल तर सेटिंगमध्ये जाऊन फोन ४जीवर ठेवून बघा. सारखी उडी मारणाऱ्या ५जीपेक्षा स्थिर ४जी कधीकधी बरं.

तीन. चहा-नाश्त्याचे छोटे व्यवहार यूपीआय लाइटवर न्या. त्यात बँकेची फेरी वाचते, आणि पिन लागत नाही. अगदीच डेटा नसेल तर स्टार ९९ हॅश डायल करून साध्या फोनवरूनही पैसे जातात, पण ५,००० रुपयांपर्यंतच. घाऊक बिलाला ते पुरत नाही.

चार. गाळा असेल तर फायबरची लाईन घ्या आणि साऊंडबॉक्स वायफायवर चालणारा घ्या. आमच्या शेठनी त्या प्रकारानंतर हेच केलं. आणि खातं बघायची सोय मेहताजींच्या फोनवर दिली. खरं सांगू? दुसऱ्या गोष्टीचाच जास्त उपयोग झाला.

पाच. मोजा. ट्रायचं मायस्पीड नावाचं ॲप २०१६ पासून आहे. अडचण येते त्याच वेळी, त्याच जागी मोजा. डाउनलोडबरोबर अपलोड आणि लेटन्सीही लिहून ठेवा. चार-पाच दिवस. मग कंपनीकडे तक्रार करा आणि तक्रारीचा डॉकेट नंबर जपून ठेवा. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, हे लक्षात ठेवा. ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र खुला आहे, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये तो स्पष्ट केलाय.

आणि कंपन्यांकडून, ट्रायकडून माझी एकच अपेक्षा. एपीएमसीसारख्या जागांचा गर्दीच्या तासांचा वेगळा आकडा द्या. पहाटे तीन ते सहा, अपलोडसकट. लोकल स्टेशनं, बस डेपो, यात्रा, सगळीकडे हेच लागू आहे. त्या आकड्यावर कंपन्यांची तुलना झाली तर छोटे टॉवर कुठे लावायचे हे त्यांनाही बरोबर सुचेल.

बाबांना मी हे सगळं सांगितलं. वजनकाट्याचं उदाहरण त्यांना पटलं. मग म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी भाऊ खरं बोलत होता, आणि डबाही खोटं बोलत नव्हता."

"बरोबर," म्हटलं.

"मग मी माणसाचं ऐकायला हवं होतं."

आता त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक नवा रकाना आहे: 'डबा बोलला नाही.' पहाटे असं झालं की ते नाव, रक्कम, वेळ लिहितात आणि माल जाऊ देतात. सहाला शेठच्या खात्याशी ताळा करतात. आजपर्यंत त्या रकान्यातली एकही रक्कम बुडालेली नाही.

तुमच्याकडे असं कुठे होतं? कोणतं मार्केट, कोणतं स्टेशन, किती वाजता? जागा आणि वेळ कमेंटमध्ये नक्की लिहा. चांगल्या नोंदी जमल्या तर त्यावर पुढचा भाग करू. आणि हा भाग तुमच्या भाजीवाल्याला पण ऐकवा. पण दुपारी! पहाटे उघडणार नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.